टीव्हीवरच्या उमेदवारांच्या डिबेट: अख्ख्या कोण बघतं आणि मत ठरतं का?

अनुजा_के
मंडळी, बरेच दिवस हे डोक्यात घोळतंय. २०२४ च्या जूनमध्ये बायडेन-ट्रम्पची अटलांटातली डिबेट झाली, ती मी ठाण्यात बसून अख्खी बघितली, दीड तास, एक पैसा न देता. १९६० ची केनेडी-निक्सनचीसुद्धा यूट्यूबवर पडलेली आहे, बाबांनी हौसेने बघितली. आणि माझ्या स्वतःच्या मतदारसंघात जे उभे असतात त्यातल्या कुठल्याही दोघांना एका स्टेजवर, एकच प्रश्न विचारलेला, मी आजवर बघितलेलं नाही. संध्याकाळच्या चॅनेलवरच्या चर्चा मी यात धरत नाहीये हां, तिथे प्रवक्ते येतात, उमेदवार नाही.

तर प्रश्न दोन. एक, असली डिबेट बघून कोणाचं मत खरंच बदललंय का? स्वतःचं सांगा, शेजाऱ्यांचं नको. दोन, उद्या आपल्याकडे सुरू झाल्या तर त्या सगळ्यांना फुकट, पूर्ण, न कापता बघायला मिळतील याची सोय काय? मला वाटतं दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा आहे, कारण क्लिपा तर काय, आजही मिळतातच.

बिनधास्त_बाळू
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धागा शंभरी गाठणार.

सदाशिव_पेठी
उपयोग शून्य. एक तर आपण पंतप्रधान निवडत नाही, खासदार निवडतो, त्यामुळे दोन मोठे नेते समोरासमोर बसवायचे ही अमेरिकन कल्पना इथे बसतच नाही. दुसरं म्हणजे चांगलं बोलणं आणि चांगलं काम करणं यांचा संबंध काय? आमच्या वॉर्डात एक नगरसेवक होते, माईक हातात दिला की घाम फुटायचा त्यांना, पण रात्री अकराला ड्रेनेज तुंबलं तर लुंगीवर येऊन उभे राहायचे. डिबेट घेतली असती तर डिपॉझिट गेलं असतं त्यांचं. आणि केनेडी-निक्सनचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे, रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकला असं वाटलं आणि टीव्हीवर बघणाऱ्यांना केनेडी. म्हणजे लोकांनी चेहरा बघून मत दिलं. झालं.

जर्सीकर
पेठीकाका, ते रेडिओ-टीव्हीचं प्रकरण सगळे सांगतात पण त्याचा पाया फार कच्चा आहे. एका कंपनीने केलेली छोटी पाहणी होती, त्यात नुसतं रेडिओवर ऐकणारे मोजके, आणि त्या काळी ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता ते बरेचसे खेड्यातले, म्हणजे मुळात निक्सनकडे झुकणारे असण्याची शक्यता जास्त. निक्सन आजारातून उठून आलेला होता, नीट मेकअप करायला नाही म्हणाला, हे सगळं खरं. पण त्यावरून "लोक चेहऱ्याला मत देतात" इथपर्यंत उडी मारता येत नाही.

आणि अनुजाताईंच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल: अमेरिकेत हे सगळं पहिल्यापासून मोकळंढाकळं होतं असं समजू नका. तिकडच्या कायद्यात एक कलम आहे, ३१५, एका उमेदवाराला वेळ दिला तर बाकी सगळ्यांनाही तेवढाच द्यायचा. त्यामुळे दोघांचीच डिबेट घेणं चॅनेलांना परवडेना. १९६० साली तिकडच्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, ते कलम तेवढ्यापुरतं बाजूला ठेवलं म्हणून त्या चार डिबेट झाल्या. नंतर १९६४, ६८, ७२ तिन्ही वेळा काहीच नाही, कारण जो पुढे असतो त्याला डिबेट नकोच असते! १९७६ ला पळवाट काढली, डिबेट चॅनेलने भरवायची नाही, तिसऱ्याच संस्थेने भरवायची आणि चॅनेलने "बातमी" म्हणून नुसती दाखवायची. लीग ऑफ विमेन व्होटर्स ही ती संस्था. मग फिलाडेल्फियाच्या थिएटरमध्ये त्या वर्षीचे उमेदवार फोर्ड आणि कार्टर उभे असताना आवाज गेला, एकदोन नव्हे, २७ मिनिटं. आणि दोघंही महाशय आपापल्या डेस्कमागे तसेच उभे. ना एकमेकांशी बोलले, ना खुर्चीत बसले. करोडो लोक बघतायत.

वऱ्हाडी_ठेचा
२७ मिन्टं दोन नेते गप उभे! असा योग आमच्याकडं कधी येईन बाप्पा 😂

बिनधास्त_बाळू
माझं मत त्या २७ मिनिटांना.

अनुजा_के
😄 जर्सीकर, पण आता तर फुकट दिसतं ना? मला तर कुणी पैसे मागितले नाहीत.

जर्सीकर
आता दिसतं, पण त्यासाठी भांडावं लागलं. २००७ च्या प्रायमरीच्या (म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवणाऱ्या निवडणुकीच्या) डिबेट आठवा. एका चॅनेलने नियमच काढला होता की आमच्या डिबेटचा तुकडा इंटरनेटवर वापरायचा नाही. म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार जाहीरपणे बोलतोय आणि ते बोलणं चॅनेलच्या मालकीचं. त्यावर लॉरेन्स लेसिग नावाचे कायद्याचे प्राध्यापक आणि डाव्या-उजव्या दोन्हीकडची मंडळी एकत्र आली, ओबामांनी पक्षाला पत्र लिहिलं की फुटेज सगळ्यांना मोकळं करा, आणि मग सीएनएनने जाहीर केलं की आमच्या अध्यक्षीय डिबेट कोणीही वापरा, कापा, दाखवा. फॉक्स चॅनेलने त्याच वर्षी दुसरे एक उमेदवार मॅकेन यांना नोटीस धाडली होती, का तर त्यांनी फॉक्सच्या डिबेटमधली स्वतःचीच क्लिप जाहिरातीत वापरली. स्वतःचंच बोललेलं!

२०२४ मध्ये अटलांटाची डिबेट सीएनएनची होती तरी बाकीच्या चॅनेलांनाही दाखवू दिली. अट एवढीच की आमचा लोगो पडद्यावर राहिला पाहिजे.

तात्या_नगरकर
हे फुटेजचं वाचून मला आपलं २०१९ आठवलं. "लाव रे तो व्हिडिओ!" राज ठाकरेंचा पक्ष त्या लोकसभेला एकही जागा लढवत नव्हता आणि सभेला ही गर्दी. ते काय करत होते बघा ना, जुन्या भाषणांच्या, बातम्यांच्या क्लिपा मोठ्या पडद्यावर लावायच्या आणि आजच्या परिस्थितीशेजारी ठेवायच्या. समोरचा नेता स्टेजवर येणार नाही ना, मग त्याला पडद्यावरून आणा. आमच्याकडे त्याला काय डिबेट म्हणत नाहीत पण माझ्या मते मराठी मतदाराने बघितलेली ती सगळ्यात मोठी डिबेट होती, कारण लगेच भाजपच्या आशिष शेलारांनीही उलट व्हिडिओ लावून उत्तर दिलं. एकाने आरोप केला, दुसऱ्याने पुराव्यासकट खोडायचा प्रयत्न केला. अजून काय पाहिजे?

आता समजा प्रत्येक चॅनेलने फॉक्ससारखी नोटीस पाठवली असती तर? संपलाच विषय.

सदाशिव_पेठी
तात्या, तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. एवढा गाजावाजा होऊन निकाल काय लागला? ४८ पैकी ४१ युतीला. लोकांनी सभा एंजॉय केल्या, घरी गेले आणि जे द्यायचं तेच मत दिलं.

तात्या_नगरकर
निकाल फिरला नाही म्हणजे उपयोग झाला नाही असं कसं काका? माझ्या चुलत्याने मत बदललं नाही, पण त्या व्हिडिओतलं एक गाव त्याच्या ओळखीचं निघालं तेव्हा पहिल्यांदा प्रचाराला आलेल्याला अंगणात उभं करून विचारलं, "ह्याचं काय झालं?" पूर्वी चहा पाजून पाठवायचा.

लंडनवासी
पेठीकाकांच्या पहिल्या मुद्द्यावर. इंग्लंडही संसदीयच आहे, इथेही पंतप्रधानाला थेट मत नसतं, तरी २०१० मध्ये तिन्ही पक्षनेत्यांच्या डिबेट झाल्या. १५ एप्रिलला मँचेस्टरहून पहिली. निक क्लेग म्हणजे तिसऱ्या पक्षाचा नेता, कॅमेऱ्याकडे बघून काय बोलला, पंतप्रधान ब्राउन बिचारे सारखे म्हणतायत "आय अग्री विथ निक", दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे क्लेगच क्लेग. सर्व्हेमध्ये पक्ष कुठच्या कुठे गेला. आणि निकालात? आधीच्या निवडणुकीत ६२ जागा होत्या, त्या झाल्या ५७. मतांची टक्केवारी किंचित वाढली, जागा घटल्या. म्हणजे काकांचा मुद्दा अर्धा खरा आहे: डिबेट झाली पण मतदारसंघनिहाय पद्धतीत तिचं जागांमध्ये रूपांतर होईलच असं नाही.

पण मी तेव्हा इथे नवीन होतो आणि कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून आम्हा भारतीयांना इथे मत देता येतं हेच मला तेव्हा कळलं. कोणता पक्ष काय म्हणतो याचा पत्ताच नव्हता. मला त्या डिबेटचा प्रचंड उपयोग झाला. ज्याचं मत आधीच ठरलंय त्याला कशाला उपयोग होईल?

ता.क. २०१९ ला चॅनेल फोरवर पर्यावरणाच्या डिबेटला पंतप्रधान बोरिस जॉन्सन आणि ब्रेक्झिट पार्टीचे फराज आले नाहीत तर त्यांच्या जागी बर्फाचे पृथ्वीगोल ठेवले होते. कार्यक्रमभर हळूहळू ठिबकत.

वऱ्हाडी_ठेचा
चंद्रपूरच्या एप्रिलमदे बर्फाचा गोळा पहिल्या ब्रेकच्या आतच गटारीत जाईन भाऊ.

रेवती_जोग
लंडनवासींशी सहमत. ज्याला उमेदवार माहीतच नाही त्याला फायदा. म्हणूनच मला वाटतं मोठ्या नेत्यांपेक्षा खालच्या पातळीवर हे जास्त हवं. पंतप्रधान कोण, मुख्यमंत्री कोण, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. नगरसेवक पदाला एका प्रभागात चार चार जागा, त्यांना डझनावारी उमेदवार, मशीनवरची अर्धी नावं मी पहिल्यांदा मतदान केंद्रातच वाचते.

आणि "सगळ्यांना बघायला मिळणं" यात एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. माझ्या सासऱ्यांना ऐकू येत नाही, म्हणजे मशीन लावूनही फार कमी. ते राजकारणातलं सगळं वाचतात, पेपरचे अग्रलेख वगैरे, पण टीव्हीवरची चर्चा त्यांच्यासाठी मूकपट आहे. मराठी चॅनेलवर सबटायटल नसतातच. यूट्यूबवर आपोआप येणारी लावून दिली तर एक जण बोलत असताना ठीकठाक येतात, पाच जण एकदम सुरू झाले की खाली येतं: [संगीत]. खोटं नाही सांगत. ते मला विचारतात, गाणं लागलंय का गं? त्या अमेरिकन डिबेटची लिखित प्रत मिळते का हो जर्सीकर?

जर्सीकर
मिळते. सँटा बार्बराच्या विद्यापीठाची अमेरिकन प्रेसिडेन्सी प्रोजेक्ट म्हणून साइट आहे, तिथे १९६० पासूनच्या अध्यक्षीय डिबेट शब्दशः टाइप करून ठेवल्यात, फुकट. मी व्हिडिओपेक्षा तेच वाचतो, पाऊण तासात होतं आणि चेहरा मधे येत नाही (पेठीकाका खूश).

बिनधास्त_बाळू
[संगीत] 😂😂 हे मी स्टेटसला ठेवतोय

माजी_पीसीआर
वाचनमात्र होतो, पण आता लिहितो. मी एका मराठी न्यूज चॅनेलमध्ये काही वर्षं काढली आहेत, नाव विचारू नका. प्रेक्षकांना वाटतं अँकरला भांडण आवरता येत नाही. अहो, प्रत्येक पाहुण्याचा आवाज वेगळ्या फेडरवर (आवाज कमीजास्त करायच्या पट्टीवर) असतो, पीसीआरमधला, म्हणजे कंट्रोल रूममधला, साउंडवाला एका बोटाने कोणालाही गप्प करू शकतो. करत नाही, कारण टॉकबॅकवर (आतल्या आत बोलायच्या लाइनवर) सांगितलेलं असतं, "चालू दे, चालू दे." दुपारी तीनला विषय ठरतो, गेस्ट कोऑर्डिनेटर फोन लावत सुटतो, साडेपाचला विषय बदलतो आणि पाहुणे तेच राहतात. पाणीटंचाईसाठी बोलावलेला माणूस पक्षफुटीवर बोलून जातो. कोणी गाडीतून जॉइन होतो, त्याचं नेटवर्क जातं, मग त्याचा फ्रीझ झालेला चेहरा तोंड उघडलेल्या अवस्थेत पाच मिनिटं पडद्यावर. आठ चौकोन, खाली टिकर, वर ब्रेकिंग.

एवढं सांगायचं कारण, समोरच्याचा माईक बंद ठेवायला काही वेगळं यंत्र लागत नाही. २०२४ च्या त्या डिबेटमध्ये ज्याची पाळी नाही त्याचा माईक बंद आणि हॉलमध्ये प्रेक्षक नाहीत, एवढ्या दोनच गोष्टी केल्या होत्या. त्यामुळेच बायडेनचं वाक्य अर्ध्यात हरवलं ते लपलं नाही. टाळ्या नाहीत, गोंगाट नाही, नुसती शांतता. २७ जूनची डिबेट, २१ जुलैला माणूस शर्यतीतून बाहेर. उपयोग नाही म्हणता?

वऱ्हाडी_ठेचा
हे माईक बंद कराचं बटन आमच्या सोसायटीच्या जनरल बॉडीले पायजे. पार्किंगचा विषय निघाला की तिसऱ्या मजल्यावरचे काका सोडतच नाहीत.

सदाशिव_पेठी
पीसीआर, आधी नमस्कार, ही आतली माहिती भारी आहे. पण बायडेनबद्दल: तो उपयोग मतदाराला झाला का पक्षाच्या पुढाऱ्यांना? मतदाराने प्रायमरीत मत देऊन झालं होतं. निर्णय बंद दाराआड झाला. आणि सप्टेंबरच्या डिबेटमध्ये ट्रम्प "ते कुत्री-मांजरं खातात" बोलून बसले, सगळ्यांनी टिंगल केली, गाणी निघाली, पंडितांनी बायडेनच्या जागी आलेल्या हॅरिसबाईंना विजयी घोषित केलं. नोव्हेंबरात कोण निवडून आलं?

निवांत
काका आज फुल फॉर्मात.

मडगांवकार
नमस्कार. भारतात होत नाही असं सगळे म्हणताहेत म्हणून आमच्या गोव्याचं सांगतो. २०२१ च्या जुलैमध्ये, विधानसभेच्या आधी, फुकट विजेच्या विषयावर गोव्याचे वीजमंत्री नीलेश काब्राल आणि दिल्लीचे तेव्हाचे वीजमंत्री सत्येंद्र जैन समोरासमोर बसले होते. खरीखुरी डिबेट, दोन सरकारांचे दोन मंत्री, विषय एकच: दिल्लीसारखी वीज गोव्यात फुकट देता येईल का, द्यावी का. मी पूर्ण बघितली ऑनलाइन. आरडाओरडा फारसा नाही. सबसिडीचा पैसा कुठून येणार, वीज कितीला विकत घेता, गळती किती, असं चाललं होतं. आमच्या घरात जेवताना कोणी युनिटचा दर बोलत नव्हतं ते त्या आठवड्यात बोलायला लागले. आई बिल घेऊन बसली आणि फिक्स्ड चार्ज म्हणजे काय ते मला विचारलं, मलाही सांगता येईना.

आता पेठीकाका निकाल विचारतील म्हणून आधीच सांगतो. काब्राल कुडचड्यातून परत निवडून आले, जैन यांच्या आम आदमी पक्षाला बाणावली आणि वेळ्ळी अशा दोन जागा मिळाल्या, त्याही पहिल्यांदाच. दोघांचंही वाईट झालं नाही म्हणायचं.

सदाशिव_पेठी
हे मला माहीत नव्हतं. चांगलं उदाहरण आहे. एकच विषय ठेवला म्हणून झालं असावं. "देशाची दिशा" वगैरे विषय दिला असता तर तिथेही इतिहासच उकरला असता.

अनुजा_के
बापरे, काका चांगलं म्हणाले, स्क्रीनशॉट काढून ठेवते 😛 मडगांवकार, धन्यवाद, शोधून बघते.

मोठ्या पातळीवर प्रयत्न झाला होता की. २०२४ च्या मे महिन्यात निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, न्यायमूर्ती अजित शहा आणि संपादक एन. राम यांनी मोदी आणि राहुल गांधी दोघांना पत्र लिहून जाहीर चर्चेचं आमंत्रण दिलं होतं. राहुल हो म्हणाले. भाजपने आपल्या युवा मोर्चाच्या नेत्याचं नाव पुढे केलं. पुढे काही नाही.

कट्टर_पण_गोड
का यावं मोदींनी? राहुल तेव्हा पंतप्रधानपदाचे उमेदवार म्हणून जाहीर तरी होते का? उगाच समोरच्याला आपल्या उंचीवर आणून बसवायचं. कुठलाही हुशार राजकारणी हेच करेल.

जर्सीकर
कट्टर, राजकारणी म्हणून बरोबर आहे तुमचं. जो पुढे आहे त्याला तोटाच. इकडेही १९६४ ते ७२ तेच झालं असं मी वर लिहिलंय. म्हणून ते त्यांच्या मर्जीवर ठेवू नये एवढंच. आता मी जिथे राहतो तिथलं सांगतो. न्यू जर्सीत गव्हर्नरच्या निवडणुकीत उमेदवाराला सरकारी निधी मिळतो, लोकांकडून गोळा केलेल्या वर्गणीला जोड म्हणून. हा निधी घेतला की डिबेटला उभं राहणं बंधनकारक, प्रायमरीत दोन, मुख्य निवडणुकीत दोन. नको असेल तर पैसे घेऊ नका. सोपा हिशेब. गव्हर्नरच्या डिबेटला राष्ट्राध्यक्षाच्या डिबेटसारखा मसाला नसतो, मालमत्ता कर, रेल्वेचे पास, शाळांचा निधी. माझं मत एकदा तिथेच ठरलंय, न्यू जर्सी ट्रान्झिटच्या (इथल्या रेल्वे-बस सेवेच्या) उत्तरावर. एकाने आकडे दिले, दुसऱ्याने "मी रेल्वेने प्रवास केलाय" असं सांगितलं. (अनुजाताई, हे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर.)

निवांत
जर्सीकर, हे इथे लागू करायला नवीन कायदाही लागणार नाही कदाचित. आपल्याकडे निवडणुकीच्या काळात दूरदर्शन-आकाशवाणीवर मान्यताप्राप्त पक्षांना फुकट वेळ मिळतो, माहितीये ना? दूरदर्शनवर १९९८ पासून. विधानसभेला प्रत्येक पक्षाला किमान ४५ मिनिटं आणि वर मागच्या मतांच्या प्रमाणात जास्तीची. वेळ कुठली ते चिठ्ठ्या टाकून ठरतं, आता ती डिजिटल व्हाउचर का काय झालीत. भाषण आधी लिहून द्यावं लागतं, ते तपासतात. २०२४ ला सीताराम येचुरींना त्यातले काही शब्द गाळायला लावले होते, तेव्हा बातमी आली होती.

आता गंमत बघा. त्याच योजनेत लिहिलंय की प्रसार भारतीने (दूरदर्शन-आकाशवाणी चालवणाऱ्या संस्थेने) निवडणूक आयोगाशी बोलून जास्तीत जास्त दोन चर्चा किंवा डिबेट घ्याव्यात आणि प्रत्येक पक्षाने एक प्रतिनिधी पाठवावा. म्हणजे कागदावर आहे सगळं! कोणी बघितली का हो अशी डिबेट? हात वर करा.

रेवती_जोग
पक्षाचा माणूस टेबलामागे बसून कागद वाचतोय, मागे निळा पडदा, हे बघितलंय. डिबेट नाही.

तात्या_नगरकर
सेम. निळा पडदा.

माजी_पीसीआर
दूरदर्शनची गोष्ट निघाली म्हणून. १९९६ च्या मे मध्ये वाजपेयींचं तेरा दिवसांचं सरकार होतं, विश्वासदर्शक ठरावाची चर्चा दूरदर्शनने थेट दाखवली. आमच्या चाळीत लोकांनी ऑफिसला दांड्या मारल्या होत्या. त्यात प्रत्येक पक्षाचा माणूस बोलला, कोणी कोणाचा माईक ओढला नाही. सरकार पडलं पण वाजपेयींचं ते भाषण आजही लोक शोधून बघतात. म्हणजे आपल्या प्रेक्षकाला लांब, कंटाळवाणं चालत नाही ही चॅनेलवाल्यांची थाप आहे, मी स्वतः मीटिंगमध्ये ऐकलेली. २०२२ च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाने घटनापीठांचं थेट प्रक्षेपण सुरू केलं तेव्हा पहिल्याच दिवशी शिवसेनेचं प्रकरण होतं. रिक्षावाले मोबाइलवर लावून बसलेले बघितलेत मी, अख्खं इंग्रजीत, पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टावर.

वऱ्हाडी_ठेचा
खरं हाय. आमच्या इथल्या पानठेल्यावर तर दोन वकील तयार झाले त्या महिन्यात, एक शिंद्यांचा एक ठाकऱ्यांचा.

कट्टर_पण_गोड
😂 हे मात्र मान्य. आणि निवांत यांची आयडिया वाईट नाही. फुकट वेळ घेता तर त्यातला निम्मा समोरासमोर वापरा. सगळ्यांना सारखंच.

सदाशिव_पेठी
मग छोट्या पक्षाचं आणि अपक्षांचं काय? मान्यताप्राप्त नाही तर वेळच नाही. अमेरिकेत तरी सर्व्हेमध्ये पंधरा टक्के पाठिंब्याची अट लावून तिसऱ्याला बाहेर ठेवतातच ना? २०२४ ला केनेडीच्या पुतण्याला आत घेतलं नाही. १९९२ ला अपक्ष पेरो होता, नंतर दरवाजा बंद.

जर्सीकर
हो, तो दोष आहेच आणि मोठा आहे. १९८८ ला लीग ऑफ विमेन व्होटर्सनी अंग काढून घेतलं ते यासाठीच, दोन्ही पक्षांनी मिळून सगळ्या अटी आपसात ठरवल्या, प्रश्न कोण विचारणार इथपर्यंत. लीगने जाहीर सांगितलं की आम्ही जनतेच्या फसवणुकीत सामील होणार नाही. मग सगळं पक्षांनीच मिळून आधी काढलेल्या डिबेट आयोगाकडे गेलं, आणि २०२४ ला त्यालाही बाजूला सारून उमेदवारांनी थेट चॅनेलशी बोलणी केली. आता चॅनेलच ठरवतं कोण उभं राहणार.

लंडनवासी
म्हणून भरवणारा कोण हे महत्त्वाचं. चॅनेल नको, पक्ष तर नकोच नको.

रेवती_जोग
आमच्या डोंबिवलीत एका वाचनालयाच्या लोकांनी मागे एकदा केलं होतं असं, प्रभागातल्या उमेदवारांना बोलावून. लोकांकडून चिठ्ठ्यांवर प्रश्न घेतले, सगळ्यांना तोच प्रश्न, प्रत्येकी दोन मिनिटं, शाळेतली पितळी घंटा. एक उमेदवार आला नाही, त्याची खुर्ची नावाच्या पाटीसकट तशीच ठेवली. अपक्षही होते, त्यातल्या एक बाई सगळ्यात तयारीने आल्या होत्या, डंपिंग ग्राउंडच्या फाइलसकट. पण रेकॉर्डिंग कोणाच्या तरी मोबाइलवर झालं आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॅपवर फिरल्या त्या प्रत्येकाच्या सोयीच्या तीस तीस सेकंदांच्या क्लिपा. अख्खं कुठेच नाही. हॉलमध्ये होते तेवढ्यांनीच बघितलं.

अनुजा_के
रेवती, हेच तर! पुढच्या वेळी आमच्याकडे करायचं म्हणून मी आणि दोघंतिघं मागे लागलोय, म्हणून धागा काढला खरं तर. ठरवलंय की एक कॅमेरा मागे स्टँडवर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत बंद न करता, रात्रीच जसाच्या तसा अपलोड, आणि उमेदवारांना आधी लेखी कळवायचं की कोणीही कापून वापरलं तरी चालेल, अख्खं कुठे आहे ते मात्र खाली लिहा. सबटायटल माझी भाची हाताने टाइप करणारे.

माजी_पीसीआर
कॅमेऱ्याचा माईक वापरू नका, पंख्याची घरघर येईल. स्टेजच्या मिक्सरमधून केबल घ्या थेट. आणि साउंडवाला पक्षाच्या सभांना जाणारा नसावा, तो सवयीने एकाचाच आवाज वाढवतो.

कट्टर_पण_गोड
परवानगी आधी काढा, आचारसंहिता लागली की निवडणूक कचेरीत अर्ज करावा लागतो. मतदान संपायच्या आधीच्या ४८ तासांत अजिबात नाही.

सदाशिव_पेठी
हॉलचं भाडं उमेदवाराकडून घेऊ नका. दहा दहा रुपये वर्गणी काढा. माझे शंभर धरा. आणि "विकासाबद्दल आपलं मत काय" असला प्रश्न चिठ्ठीत आला तर फाडून टाका, ड्रेनेज लाइनचं टेंडर कधी निघणार ते विचारा.

वऱ्हाडी_ठेचा
काका शंभर रुपये देऊन राह्यले! ॲडमिन, आयडी हॅक झाला का बघा बरं.